गावातली मातीची गढी: डागडुजीला खर्च किती, कागद कोणते, पैसा कुठे गळतो

अमरावती-अकोल्याच्या कितीतरी गावांत देशमुखांची, पाटलांची नाहीतर देशपांड्यांची मातीची गढी अजून उभी आहे. कुठे चारही बुरूज शाबूत, कुठे एक भिंत आणि ढिगारा. अचलपूर तालुक्यातल्या धामणगाव गढीच्या तर नावातच ती आहे. अशा गढीत तुमचा वाटा असेल किंवा तिच्या भिंतीखाली तुमचे घर असेल, तर पुढची माहिती पैसे काढण्याआधी वाचा.

गढी पडायला आली की तीन माणसे दारात येतात. एक सिमेंटचा गिलावा करून देणारा, दुसरा ट्रॉली लावून पांढरी माती मागणारा, तिसरा जुन्या सागवानाचा व्यापारी. तिघांनाही आधी थांबवा. कागद हाती नसताना आणि पाण्याची वाट ठरलेली नसताना यांच्यापैकी कोणाशीही व्यवहार केला, तर नुकसान तुमचेच होते.

आधी कागद: गढी कोणाची?

गढी बहुतेक वेळा गावठाणात असते. गावठाणाचा सातबारा नसतो, त्यामुळे सातबारा शोधत फिरू नका. लागतात ते कागद असे: ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा आणि तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ वेगळा. ८-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा आहे, गढीसाठी तो कामाचा नाही. दोन्हींना लोक ‘आठ’च म्हणतात, म्हणून कुठला हवा ते स्पष्ट सांगा. आणखी एक: नमुना ८ ही कराची नोंद आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही.

२४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आणि मिळकत पत्रिका तयार होते. तुमच्या गावची मोजणी झाली का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर गढीची हद्द कोणाच्या नावाने लागली ते आजच बघा. वारस पुण्या-नागपुरात आणि गढी रिकामी, अशा ठिकाणी जागा सरकारच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाने लागू शकते. हरकत जितकी उशिरा घ्याल तितकी ती महाग पडते.

गढी गावठाणाबाहेर, गट नंबरात असेल तर सातबारा लागेल. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. सेवा केंद्रातून काढलात तर वर सेवाशुल्क पडेल, त्याची पावती मागा. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीचे शुल्क साधारण चौपट. इमारत आज कोसळत नसेल तर नियमित मोजणी पुरते.

कोणी पैसे मागण्याची एक नेहमीची जागा म्हणजे प्रतिज्ञापत्र. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हा राज्य शासनाचा १ जुलै २००४ चा आदेश आहे. साधा कागद चालतो. तरी ‘पाचशेचा बाँड आणा’ असे सांगितले जाते. तसे लेखी मागा, बहुतेकदा मागणी तिथेच संपते.

कार्यालय उत्तरच देत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक साधा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीचे पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. अर्जात दोनच प्रश्न ठेवा: ही मिळकत कोणाच्या नावे आहे, आणि ती संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. गावोगावच्या बहुतेक गढ्या संरक्षित नाहीत, पण तुमची गढी एखाद्या संरक्षित स्मारकाच्या जवळ असू शकते. बाळापूरचा किल्ला, नरनाळा, गाविलगड ही केंद्राची संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीने, असा १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीचा नियम आहे. पहिल्या १०० मीटरमध्ये जुन्या घराची डागडुजीसुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाळापुरात घर असेल तर मिस्त्री बोलावण्याआधी हे बघा.

भाऊबंदांची संमती लेखी घ्या. चार वारस असतील तर चौघांच्या सह्या, खर्चाचा वाटा आणि निघालेल्या लाकडाचे काय करायचे, हे तीनही एकाच कागदावर. संमतीशिवाय खर्च करणाऱ्याला तो पैसा वाटणीच्या वेळी परत मिळवताना फार त्रास होतो.

भिंत कशी बघायची

मिस्त्रीच्या आधी तुम्ही स्वतः बघा. गढीची भिंत म्हणजे पांढऱ्या मातीचे थर. माती भिजवली, कुटार मिसळले, पायांनी तुडवली, हात-दीड हात उंचीचा थर दिला, तो वाळला की वरचा थर. तळाला रुंद, वर निमुळती. कुठे खाली दगडाचा पाया, कुठे बाहेरून विटांचे आवरण. आतल्या सोप्यात सागाचे खांब, त्यावर मयाल, मयालावर कड्या आणि वर धाबे. पेंढाऱ्यांच्या काळात धान्य आणि माणसे आत घेऊन दिंडी लावून घेता यावी, यासाठी हे रचलेले होते. म्हणून दार एक, बाहेरच्या भिंतीला खिडक्या नाहीत आणि विहीर आत. याचा तुमच्या खर्चाशी संबंध असा की आतले पाणी बाहेर पडायला मुळात वाटा फार थोड्या. त्या बुजल्या की गढी आतून भिजते.

भिंत वरून, मधून आणि खालून बघा.

वरून: भिंतीच्या माथ्यावर गवत, पिंपळ, वड उगवला आहे का? माथ्यावरचे आवरण गेले असेल तर पाणी सरळ भिंतीच्या पोटात जाते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा प्राचीन मातीचा तट अजून दिसतो, कारण तो ढळत्या उताराने बसला आहे आणि पाणी त्याच्यावरून वाहून जाते. तुमची भिंत उभी आहे. तिला डोक्यावर छत्र हवेच.

मधून: भिंतीने पोट काढले आहे का? ओळंबा सोडा. आडवे बारीक तडे असतील तर ते गिलाव्याचे, त्यांची घाई नाही. उभा तडा वरून खालपर्यंत गेला असेल आणि त्यात बोट जात असेल तर बुरूज भिंतीपासून सुटतो आहे. तड्यावर मातीचा पातळ लेप द्या, त्यावर तारीख लिहा. महिनाभरात लेप फाटला तर भिंत हलते आहे. मग मिस्त्री नको, स्थापत्य अभियंता हवा. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा बडनेऱ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथल्या स्थापत्य विभागात विचारा, आणि पाहणीचे शुल्क आधी लेखी घ्या.

खालून: इथेच बहुतेक गढ्या मरतात. जमिनीलगतची दोन फूट भिंत कोरल्यासारखी आत गेली आहे का, हाताने माती भुरभुर गळते का, पांढरा खार फुटला आहे का? पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव, अकोट, बाळापूरकडे, हे सर्रास दिसते. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जाते, क्षार भिंतीतच राहतो आणि मातीचा दाणा फोडतो.

लाकूड बघताना खांबाचा पाय बघा. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी मातीची टेकाडे रचून त्यांवर लाकडी बुरूज उभे केले. आज तिथे टेकाडे आहेत, लाकूड नाही. खांब ओल्या मातीत रोवले की ते कुजतातच. तुमच्या गढीतला खांब दगडी तळखड्यावर, जमिनीपासून वेगळा उभा आहे, म्हणून सागवान आजवर टिकले. दुरुस्तीच्या नावाखाली मिस्त्री खांबाभोवती काँक्रीट ओततात, फरशी चढवतात आणि तळखडा बुडवतात. हे अजिबात करू देऊ नका. खांबाला खिळा ठोकून बघा: सहज आत गेला तर लाकूड कुजले, ठोकताना हात दुखला तर चांगले.

किती खर्च येईल

भाव गावागणिक वेगळे, म्हणून हिशेबाची रीत घ्या आणि आपले भाव त्यात घाला. उदाहरणासाठी मिस्त्रीची रोजी ९०० आणि मजुराची ५०० धरू. एक मिस्त्री, दोन मजूर, म्हणजे दिवसाला १,९०० रुपये.

भिंत ३० फूट लांब, १५ फूट उंच, एक बाजू: ४५० चौरस फूट. दीड इंचाचा मातीचा गिलावा. १०० चौरस फुटांना साडेबारा घनफूट माती भरते. माती वाळताना आटते आणि काही वाया जाते, म्हणून १६ धरा. ४५० फुटांना ७२ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा किंचित कमी. ठेकेदार दोन-तीन ब्रास लावत असेल तर हिशेब मागा.

दोन थरांना सहा दिवस: ११,४०० रुपये. कुटार, शेण, थोडा चुना: १,५०० धरा. परांचीचे भाडे: २,५००. बेरीज १५,४००. १५ टक्के राखीव ठेवा, म्हणजे एका बाजूला साधारण १७,७०० रुपये. पुढे दरवर्षी संक्रांतीनंतर एक दिवसाचे लिंपण, २,००० ते २,५०० रुपये. हे चुकवले तर पाच-सहा वर्षांत पुन्हा पहिल्या खर्चावर याल.

तळ कोरला गेला असेल तर गिलाव्याच्या आधी तो भरा. त्याच ३० फुटांवर दोन फूट उंच आणि एक फूट खोल म्हणजे ६० घनफूट काम. दगड किंवा कच्च्या विटा मातीच्या गाऱ्यात बसवायच्या. मिस्त्रीला आधीच बजावा: एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त उघडायचे नाही, मधला तुकडा सोडायचा, भरलेला वाळला की सोडलेला घ्यायचा. सलग खोदून टाकले तर भिंत डोक्यावर येते. म्हणून हे काम अंगावर देऊ नका, रोजीवर द्या. अंगावर घेतलेला माणूस घाई करतो. सहा ते आठ दिवस धरा, ११,४०० ते १५,२००, दगड वेगळा.

सिमेंटचा गिलावा स्वस्त आणि कायमचा म्हणून सांगितला जातो. तो दोन्ही नाही. सिमेंट ओल आत कोंडते, माती मागून भिजते आणि चार-दोन पावसाळ्यांत गिलावा मातीसकट पट्ट्याने सुटतो. सोबत भिंतीची वीतभर जाडीही जाते. लोखंडी जाळी ठोकून सिमेंट मारतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. बाहेरून विटांची एकेरी भिंत उभारण्याचा सल्लाही मिळेल, बाळापूरच्या किल्ल्याचे उदाहरण देऊन. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा तो किल्ला भाजक्या विटांचा आहे आणि तिथला तट वीट म्हणूनच रचलेला आहे. मातीच्या भिंतीला नुसती चिकटवलेली वीट तिच्यापासून वेगळी होते आणि मधल्या फटीत पाणी साचते.

आता माती. गिलाव्याला पांढरी माती घ्या. काळी वापरू नका, ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पडलेल्या बुरुजाचीच माती पुन्हा भिजवून वापरता येते आणि फुकट आहे, पण खार फुटलेला खालचा थर बाजूला टाका. खारी माती धाब्यावर मात्र चांगली: भिजली की तिचा थर बंद होतो आणि पाणी आत झिरपू देत नाही. म्हणून घराच्या माथ्यावर खारी, भिंतीला गोडी. पाणीही गोडेच हवे. खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी गाऱ्यात घातले तर पैसे देऊन भिंतीत क्षार भरल्यासारखे होते. नळाचे पाणी किंवा टँकर धरा आणि टँकरचा खर्च ठेकेदाराशी बोलतानाच लिहून घ्या. हा खर्च नेहमी मागाहून निघतो. तसाच मलबा उचलण्याचा आणि परांची पुन्हा बांधण्याचा.

केव्हा करायचे? संक्रांतीनंतर, होळीच्या आत. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाही आणि मिळाला तर रोजी चढी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की गिलावा घाईने वाळतो आणि तडकतो. मृगाच्या तोंडावर काम काढणे सगळ्यात वाईट, ओला गिलावा पहिल्याच सरीत उतरतो.

पैसा अगदी थोडा असेल तर गिलावा राहू द्या. भिंतीच्या माथ्यावर उतार देऊन कुटार-मातीचा जाड थर घाला, पन्हाळी भिंतीपासून दोन फूट बाहेर काढा, तळाशी चर खणून पाणी दूर न्या. दोन-तीन दिवसांचे काम आहे. वडा-पिंपळाची रोपे उपटू नका, मुळांसोबत माती येते. बुंध्याशी कापा आणि पुन्हा फुटली की पुन्हा कापा.

माती आणि सागवान विकताना

गढीची माती शेतात खत म्हणून टाकायची वऱ्हाडात जुनी सवय आहे, आणि कितीतरी गढ्या अशाच बैलगाडी-बैलगाडीने संपल्या. विकायची ठरवलीच तर एवढे ध्यानात ठेवा: माती हे गौण खनिज आहे. काढून वाहून न्यायला तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. २०२१ पासून दर ब्रासला ६०० रुपये आहे. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होते. ट्रॉलीवाला ‘परवाना माझ्याकडे आहे’ म्हणाला तर त्यावरचे गाव, गट किंवा मिळकत आणि तारीख वाचा. दुसऱ्या गावचा परवाना तुमच्या गढीला चालत नाही, आणि जागा तुमची म्हणून नोटीस तुम्हालाही येते.

भिंतीचा तळ खोदून माती नेऊ देणे म्हणजे शेजारच्या घरावर भिंत पाडणे. त्यात माणूस गेला तर प्रश्न दंडापुरता राहत नाही.

सागवानाचा सौदा ‘अख्ख्या गढीचे एकरकमी’ असा कधीच करू नका. प्रत्येक खांब, मयाल आणि कडीची लांबी-रुंदी-जाडी मोजून यादी करा आणि घनफुटाने भाव मागा. परतवाड्याला वन विभागाचे लाकूड आगार आहे. तिथल्या लिलावात साग काय भावाने गेला ते आधी विचारा, म्हणजे व्यापाऱ्याशी बोलायला आधार मिळतो. दाराची नक्षीदार चौकट आणि दिंडी वेगळी धरा, तिचा भाव घनफुटाने होत नाही. सागवानाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो, म्हणून जुने लाकूडही गावाबाहेर हलवण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारा. आणि मयाल काढण्याआधी वरचे धाबे उतरवा. वजन डोक्यावर असताना आधार काढल्याने माणसे दबतात.

गुप्तधन शोधून देतो म्हणणाऱ्याला उंबरा ओलांडू देऊ नका. यंत्र आणो की लिंबू, पैसे आधी घेतो आणि खड्डा नेमका बुरुजाच्या पायात खणतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा प्रकारांना सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. खरोखर काही सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवले तर हक्कही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

भिंत पडलीच तर

आधी माणसे आणि जनावरे बाहेर काढा, वीज तोडा. मग मलबा हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) व ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. मदत पंचनाम्यावर ठरते आणि मलबा उचलल्यावर पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही.

२०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदत निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार, पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाल्यास ६,५००, कच्च्या घराच्या तशाच पडझडीला ४,०००, गोठ्याला ३,००० रुपये. मृत्यू झाल्यास वारसाला ४ लाख. मदत राहत्या घराला आहे, रिकाम्या गढीला नाही. म्हणून गढीत कोणी राहत असेल तर घरपट्टीची चालू पावती, वीजबिल आणि शिधापत्रिका त्याच पत्त्याची ठेवा. पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिले की ‘पूर्ण’, हे सही करण्याआधी वाचा, या एका शब्दावर लाखाच्या वर फरक पडतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला असेल तर अतिवृष्टीची नोंद असते, त्या तारखेचा उल्लेख अर्जात करा.

शेजाऱ्याची गढी तुमच्या घरावर झुकली असेल तर पावसाची वाट बघू नका. एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीला अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना. शहरात असाल तर नगरपालिकेला किंवा महापालिकेला. सोबत फोटो, भिंतीचे तुमच्या घरापासूनचे अंतर आणि घरातल्या माणसांची संख्या लिहा. पोच दिलेली प्रत घरात ठेवू नका. नातेवाइकाकडे ठेवा आणि फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. उत्तर येईपर्यंत त्या भिंतीकडच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.